नवखं यकृत

मुलगा बघायला आलेल्या मंडळींसमोर हल्ली पोह्यांच्या आधी यकृत ठेवतात.

कोळगव्हाणच्या बच्छावांकडेही तसंच ठेवलं होतं. टपालाच्या तिकिटाएवढं, काचेच्या पट्टीवर बसवलेलं, फिकट तपकिरी. गावातले मेडिकलवाले चांदवडकरशेठ ते जातीने थर्मासमधून घेऊन आले होते. एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला पानसुपारी आणि मधल्या स्टीलच्या ताटात यकृत. ज्याचं म्हणून ते आणलं होतं तो राजवीर मागे खुर्चीवर बसला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मुलीचे वडील, अण्णा खैरनार, चष्मा पुसून ताटावर वाकले.

"रंग चांगला आहे."

"आजोबांवर गेलंय," राजवीरची आई वैशालीबाई म्हणाली. वडिलांवर गेलंय असं तिने म्हटलं नाही, कारण वडील यकृतानेच गेले होते.

या पट्टीला लोक जुळं म्हणत. माणसाच्या कातडीतून चिमूटभर पेशी काढायच्या, त्यांना उलट्या पावली चालवत पार बाळपणापर्यंत न्यायचं आणि मग सांगायचं, आता मोठ्या व्हा, पण या वेळी यकृत व्हा. पेशी ऐकतात. पेशी माणसाच्या, म्हणून स्वभाव माणसाचाच. सवयी मात्र रक्तातून येतात. त्यासाठी दर महिन्याला रक्ताचा एक थेंब मेडिकलमध्ये नेऊन द्यायचा आणि तिथल्या कपाटातल्या यंत्राने तो जुळ्याला पाजायचा. डॉक्टरांनी औषध लिहिलं की ते आधी जुळ्यावर पडायचं. जुळं टवटवीत राहिलं तर कपाटाचा खण उघडायचा आणि सोसेल तेवढी मात्रा बाहेर यायची. जुळ्याने मान टाकली तर खण बंद.

हे सगळं एका शब्दापायी करावं लागलं होतं. दारू आणि औषधं पोटात एकत्र येऊन माणसं दगावायची. डॉक्टर विचारायचे, "पिता का?" पेशंट म्हणायचा, "कधीतरी." या 'कधीतरी'चा अर्थ लावण्यात वैद्यकशास्त्राची हयात गेली. जुळं आलं आणि डॉक्टरांनी विचारणं सोडून दिलं. त्यांनाही सुटल्यासारखं झालं.

"आता पेग होऊ द्या," अण्णा म्हणाले.

चांदवडकरशेठनी नळीने अल्कोहोलचा एक थेंब जुळ्यावर सोडला. ही परीक्षा कंपनीने काढली नव्हती, ती वधूपित्यांनी काढली. रोज येणाऱ्या पाहुण्याच्या चपला कुठे ठेवायच्या हे घरातल्यांना पाठ असतं, तसं मुरलेलं यकृत दारू झटपट मार्गी लावतं. नवखं यकृत गांगरतं. ताटाशेजारच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसत होता. तो हलेचना. चहा झाला, पोहे झाले, अण्णांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले, तरी थेंब आपला बसून.

"अजून संपलेला नाही!" शेठ म्हणाले.

"काय नवखं आहे हो!" अण्णांनी पुन्हा चष्मा पुसला.

मुलगी ओजस्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होती. पोरांचं खोटं तिला वासावरून कळायचं. तिने वळून राजवीरकडे पाहिलं. तोही मान उंच करून जुळ्याकडे बघत होता आणि दुसऱ्याच्या पोराचा नंबर आल्यावर करतात तेवढंच कौतुक त्याच्या चेहऱ्यावर होतं. तिला तो विनय वाटला.

लग्न ठरलं.

यकृत सोपानचं होतं.

सोपान म्हणजे राजवीरचा चुलतभाऊ. आख्खा तालुका कांद्यावर जगतो, तिथे कांदा न खाणारा हा एकटाच. गळ्यात माळ, संध्याकाळी मारुतीच्या देवळात माइकवर हरिपाठ, दारूचा वाससुद्धा त्याला चुकून पाहुण्यांकडून माहीत. असा माणूस खोटं कसं बोलला, असं कोणी विचारील. तो बोललाच नाही. काकूने सांगितलं, "सोपाना, शंभर खोटी करावीत पण एक लग्न जमवावं, असं म्हणतात. तुला तर खोटंही बोलायचं नाही. बोट पुढे कर." सोपानने बोट पुढे केलं. कोणाच्या तरी घरात दिवा लागणार असेल तर त्याला नाही म्हणता येत नसे. तेव्हापासून दर महिन्याच्या वद्य एकादशीला तो मेडिकलमध्ये जाऊन थेंब देऊन यायचा. उपासाच्या दिवशी रक्त आणखी शुद्ध असतं, असं त्याचं मत होतं.

लग्नानंतर आठवडाभरातच ओजस्वीने विचारलं, "तुम्ही घेऊन आलात का?"

"काय?"

"वास येतोय."

"पॅकहाउसला द्राक्षं सडली होती आज." राजवीर निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता.

"कालही आला होता."

"कालही सडली होती."

"रोज सडतात?"

"हे बघ, माझ्यावर विश्वास नाही ना? मग त्या जुळ्याला जाऊन विचार."

ती खरंच गेली. चांदवडकरशेठनी पडदा तिच्याकडे वळवला. दारूचा अंश शून्य. यकृत उत्तम. खाली हिरव्या अक्षरांत अभिनंदन होतं.

"असा नवरा शोधून सापडायचा नाही, ताई," शेठ म्हणाले आणि घाईघाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

राजवीर वाईट माणूस नव्हता. हात उगारायचा नाही, आवाज चढवायचा नाही. रोज एक क्वार्टर, कधी त्यावर थोडी, मग गपचूप जेवून झोप. त्याच्या लेखी हे पिणं नव्हतंच. पिणारे म्हणजे गटारात पडणारे. आपण नुसते बसतो. आणि पुढे पुढे तर त्याला स्वतःलाच ते हिरवं अभिनंदन पटायला लागलं. माणसाला आपल्याबद्दलचं चांगलं मत कोणत्या नळीतून आलंय याची चौकशी करावीशी वाटत नाही.

ओजस्वीचं उलटं झालं. तिला रोज वास यायचा आणि रोज पडदा शून्य दाखवायचा. दोघांतलं एक खोटं होतं, आणि नाकाकडे कंपनीचं प्रमाणपत्र नव्हतं. माहेरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "मी स्वतः पेग टाकून बघितलाय. तू नाक दाखवून घे."

तिने नाक दाखवलं. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, असतो कधीकधी भास, आणि गोळ्या लिहून दिल्या. तिच्या जुळ्याने हरकत घेतली नाही. ती गोळ्या घ्यायला लागली आणि वास यायचा तसाच येत राहिला, फक्त तिने सांगणं थांबवलं.

ऑक्टोबरच्या उन्हात गावात तापाची साथ आली. घराघरात एक माणूस आडवा. राजवीरही पडला. अंग भाजत होतं, तोंडाला चव नव्हती, अन्नाकडे बघवेना. डॉक्टरांनी व्हिडिओवर पाहिलं आणि तापाची गोळी लिहिली, जी पोरांच्या दप्तरातही सापडते तीच. कपाटाने ती जुळ्यावर टाकली. जुळं ढिम्म. सोपानचं यकृत होतं ते, बैलाच्या ताकदीचं. पूर्ण मात्रा बाहेर आली, आणि 'गरज वाटल्यास आणखी' असाही पर्याय आला.

राजवीरने त्या दिवसांत बाटलीला हात लावला नाही. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, जातच नव्हती.

"बघ," वैशालीबाई सुनेला म्हणाली, "गोळ्या चालू आहेत म्हणून घेत नाही. शहाणा आहे माझा."

"काय घेत नाहीत, आई?"

वैशालीबाई गोंधळली. "चहा," ती म्हणाली.

ताप उतरला आणि उलट्या सुरू झाल्या. मग पोटात उजवीकडे दुखायला लागलं. एका सकाळी ओजस्वीने खिडकीचा पडदा सारला तर राजवीरच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा होता, आणि तो तिला वहिनी म्हणत होता.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर कुलथे तरुण होते, हुशार होते आणि अदबीने बोलत. त्यांनी पेशंटकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडेच पाहिलं.

"यकृत उत्तम आहे," ते म्हणाले.

"अहो, पिवळे पडलेत ते!"

"दिसतंय ना मला. पण यकृत उत्तम असताना पिवळे पडलेत, याचा अर्थ रक्तातल्या पेशी फुटतायत. मलेरिया बघू. लेप्टो बघू. बडबडतायत म्हणजे मेंदूचाही फोटो काढू."

"यकृतच एकदा तपासा ना."

"ताई, ते तर कपाटात सतत तपासलं जातंय. शिवाय ती जुनी रक्ताची तपासणी आता कोणी करत नाही. घरात कॅमेरा असताना शेजाऱ्याला फोन करून घर कसं आहे विचारण्यासारखं ते."

दोन दिवस डॉक्टरांनी मलेरिया शोधला, लेप्टो शोधला, मेंदू शोधला. वैशालीबाई पायथ्याशी बसून होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती काहीच बोलली नाही. कोणी म्हणेल, आईच ना ही? पण तिच्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या गावच्या होत्या. थेंबाची भानगड लग्नापुरती होती, लग्न झालं. हा ताप आहे. तापाचा आणि लग्नाचा काय संबंध?

तिसऱ्या सकाळी कुलथेंनी चांदवडकरशेठना जुळं दवाखान्यात आणायला लावलं. ताजं रक्त पाजून एकदा बघू, म्हणाले. सिस्टरने रीतीप्रमाणे पेशंटच्या बोटाला टोचलं आणि थेंब पट्टीवर सोडला. शेठ काहीतरी बोलायला पुढे झाले आणि न बोलता मागे सरले.

पट्टी सगळ्यांच्या देखत बदलली. फिकट तपकिरी रंग कडेकडेने राखाडी होत मध्ये सरकला, कागद जळताना सरकतो तसा. पडद्यावरचे आकडे एकामागून एक खाली बसले आणि यंत्रातून एक गोड बाई बोलली, "आपलं यकृत सध्या सेवेत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"हे शक्यच नाही," कुलथे म्हणाले. "स्वतःचंच रक्त स्वतःच्या यकृताला? असं एकदम? याने तर महिनोन् महिने हेच रक्त..."

दार ढकलून सोपान आत आला. घामाघूम, गळ्यात उपरणं, बसथांब्यापासून पळत आलेला.

"सिस्टर, थांबा! थेंब माझा घ्यायचा असतो."

"तुम्ही पेशंट आहात का?"

"नाही, पण नेहमी मीच देतो ना."

सिस्टरने सुई खाली ठेवली.

"नेहमी?" कुलथेंनी विचारलं. त्यांचा आवाज अचानक शाळकरी झाला होता. "मग हे यकृत कोणाचं?"

"माझं."

"आणि यांचं?"

सोपानने भाबडेपणाने खाटेकडे बोट केलं. "त्याचं त्याच्यापाशी."

कुलथे वैशालीबाईकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न त्यांच्या तोंडून बाहेर पडला. "हे पितात का?"

"नाही," वैशालीबाई म्हणाली.

"रोज पितात," ओजस्वी म्हणाली. "मला रोज वास यायचा. मी माझ्या नाकाला औषध घेतलं, डॉक्टर."

उतारा म्हणून जी सलाईन असते ती कुलथेंनी धावत जाऊन स्वतः लावली. लावता लावता ते बोलत होते, कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

"साधी तापाची गोळी. बराचसा भाग यकृत सरळ बाहेर काढतं. थोडासा आडवाटेने जातो आणि त्या वाटेवर त्याचं विष होतं. तुमचं, माझं, सगळ्यांचं होतं. पण यकृताकडे ते विष मारायचा साठा असतो, म्हणून कळत नाही. रोज पिणाऱ्याच्या यकृताने दारू उरकायला त्याच आडवाटेवर जादा मजूर लावलेले असतात. साठा मात्र दारूने आणि उपासाने तळाला गेलेला. दारू चालू आहे तोवर मजूर दारूत गुंतलेले. ती थांबली की सगळे रिकामे होतात आणि गोळीवर तुटून पडतात. विषच विष."

"पण त्याने तर त्या दिवसांत घेतलीच नाही," वैशालीबाई म्हणाली. "एक थेंब नाही."

"आई, मिसळायला एकच ग्लास लागतो असं नाही," कुलथे म्हणाले.

"मग आता?"

"पहिल्याच दिवशी हे कळलं असतं तर मी त्याला बरा करून हसत घरी पाठवला असता." कुलथेंनी सलाईनचा वेग वाढवला.

सोपान कोपऱ्यात उभा होता. त्याने विचारलं, "डॉक्टर, मग बाकीच्यांचं काय?"

"बाकीचे कोण?"

"ज्यांची लग्नं जमवली, ते."

कुलथेंनी हळूच चांदवडकरशेठकडे पाहिलं. शेठ भिंतीला टेकले होते. "एकाचं केलं की दुसरा येतो हो," ते म्हणाले. "आणि जुळ्याजुळ्यांची आपसात तुलना करायला कंपनीचीच बंदी आहे. गोपनीयता असते ना लोकांची."

सोपान बोटांवर मोजायला लागला. दोन्ही हातांची बोटं संपली. मग त्याने गळ्यातली माळ हातात घेतली आणि एकेक मणी सरकवत नावं घ्यायला लागला. मणी सरकत राहिले. वैशालीबाईने कानांवर हात ठेवले.

गावात साथ होती. घराघरात तीच गोळी होती, आणि प्रत्येक गोळीला सोपानच्या यकृताने संमती दिली होती.

कुलथेंनी फोन लावायला घेतले. प्रत्येक घरी आईनेच फोन उचलला आणि प्रत्येक आईने एकच उत्तर दिलं. आमचा नाही हो त्यातला. एकीने तर जुळ्याचं प्रमाणपत्र पाठवून दिलं, हिरव्या अक्षरांतलं.

"कपाटातून गोळ्या बंद करा," कुलथे शेठवर ओरडले.

"जुळ्याने हरकत घेतल्याशिवाय होत नाही. आणि ते कशाला हरकत घेईल? त्याला काय झालंय?"

ओजस्वीने राजवीरच्या कपाळावर हात ठेवला. तो आता बडबडतही नव्हता. तिने सासूकडे पाहिलं, म्हणाली, "आई, तुम्ही इथे बसा," आणि सोपानला घेऊन गावाकडे निघाली.

पहिलंच घर निकमांचं होतं. ओट्यावर निकमांची शोभा कांदे निवडत होती. आत तिचा मुलगा कण्हत होता, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"काकू, त्यांची गोळी थांबवा आणि दवाखान्यात न्या. सोपानभाऊजींचा थेंब..."

"हळू बोल की!" शोभाने उठून दार ओढून घेतलं. "आत सून आहे माझी."

"काकू, जिवाचा प्रश्न आहे."

"आमचा पीत नाही. तुमच्यात असेल. सोपाना, तू तरी माळ घालून असं दारोदार बदनामी करत फिरावंस का?"

दुसऱ्या घरीही तेच झालं. तिसऱ्या घराने तर त्यांना येताना बघूनच कडी लावली. पळणाऱ्या वेळेचा ओजस्वीला हिशेब लागेना. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, माइक."

देवळातला कर्णा आख्ख्या गावाला ऐकू जायचा. ओजस्वीने चौथीच्या वर्गाला समजावतात तसं सावकाश समजावलं. नाव कोणाचंही घेणार नाही. फक्त गोळी थांबवा. दवाखान्याच्या गाड्या मागवल्या आहेत, देवळापाशी या. भर दुपारी गावात इतकी शांतता कधी नव्हती. प्रत्येक घर ऐकत होतं आणि प्रत्येक घर दुसऱ्याचं दार आधी उघडायची वाट बघत होतं. जो पहिला बाहेर येईल तो पिणारा.

एकही दार उघडलं नाही. उलट सरपंचांचा माणूस येऊन म्हणाला, "मॅडम, बंद करायला सांगितलंय. गावाची अब्रू जातेय."

तेवढ्यात देवळासमोर रुग्णवाहिका थांबली. पुढच्या दारातून वैशालीबाई उतरली. अनवाणी होती. मागचं दार कोणी उघडलं नाही. ती सरळ पायऱ्या चढून आली, सरपंचांच्या माणसाला तिने हाताने बाजूला केलं आणि सुनेकडे न बघता तिच्या हातातला माइक घेतला.

"मी वैशाली बच्छाव बोलते." कर्णा जरा किंचाळला आणि शांत झाला. "माझा राजवीर प्यायचा. रोज प्यायचा. लग्नाच्या आधीपासून. मी सगळ्यांना सांगितलं, पीत नाही. आज सकाळी डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, तरी मी नाहीच म्हणाले."

ओजस्वीने तिचा हात धरायला हात पुढे केला.

"आत्ता तो गेला."

पुढे केलेला हात तिथेच राहिला. सोपान पायरीवर बसला.

"कोणाचा पितो ते मी विचारत नाही," वैशालीबाई म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, नुसता कोरडेपणा होता. "मला माहीत आहे. तुम्हाला माझं माहीत होतं. आपण सगळ्या मिळून एकमेकींचं झाकत होतो. माझ्याकडे आता झाकायला काही उरलं नाही. शोभे, ऐकतेस ना? तुमचे अजून आहेत. आणा त्यांना."

तिने माइक खाली ठेवला.

निकमांच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं, आणि शोभा मुलाला एका दंडाला धरून बाहेर आली. दुसरा दंड सुनेने धरला होता. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. त्यांच्या मागोमाग गल्लीत कड्या वाजायला लागल्या, एकापाठोपाठ एक, आणि सोपानने सरकवलेल्या मण्यांपेक्षा त्या कितीतरी जास्त होत्या.